दोन अडवणारे

विज्ञानाच्या सरांचा पाय मोडला आणि वीज शिकवायचं घोंगडं चिंगीच्या गळ्यात पडलं.

चिंगी हे तिचं घरातलं नाव. चाळिशी उलटली, चष्मा लागला, पुढचे केस पांढरे झाले, तरी घरात ती चिंगीच राहिली. शाळेत मात्र ती भाषेच्या बाई होती, आणि व्याकरणाच्या बाबतीत भल्याभल्यांची बोबडी वळवणारी होती. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तिला खोलीत बोलावून बसायला सांगितलं आणि चहा मागवला, तेव्हाच तिला संशय आला. मोठ्या बाई उगाच कुणाला चहा पाजत नसत.

"सर येईपर्यंत नववीला विजेचे दोन धडे तेवढे घ्या," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मी? मला बल्ब बदलता येतो, त्यापुढे काही नाही."

"अहो, पुस्तक भाषेतच लिहिलंय ना? मग तुम्हाला काय अवघड आहे?"

चिंगीने चहा प्यायला आणि ती पुस्तक घेऊन बाहेर आली.

पहिले काही तास बरे गेले. व्याख्या फळ्यावर लिहायची, मुलांकडून म्हणून घ्यायची, खाली दोन रेघा मारायच्या. पाठांतर करून घेण्यात तिचा हातखंडा होता. घोडं अडलं ते अनुनादापाशी, म्हणजे रेझोनन्सपाशी. नववीत एक मुलगी होती, तिला सगळे शिक्षक आपसात शंकासुर म्हणत. मुलगी साधी होती, उद्धट तर अजिबात नव्हती, पण एखादी गोष्ट कळली नाही की कळली नाही असं सांगायची तिला खोड होती. ती उभी राहिली.

"बाई, तुम्ही परवा सांगितलंत की तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, येणाऱ्या-जाणाऱ्या विजेला अडवते."

"बरोबर."

"आणि काल सांगितलंत की कपॅसिटरही अडवतो."

"अडवतो."

"मग दोघं एकापुढे एक जोडले, तर त्यांनी दुप्पट अडवायला पाहिजे. पुस्तकात लिहिलंय की एका ठरावीक वारंवारतेला दोघांचा मिळून अडथळा नाहीसाच होतो. दोन दारं बंद केली आणि वाट मोकळी झाली, असं कसं होईल?"

चिंगीने पुस्तकातलं ते वाक्य एकदा मनात वाचलं, एकदा मोठ्याने वाचलं. वाक्य शुद्ध होतं. कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी होतं. अर्थ मात्र तिच्याही डोक्यावरून गेला.

"उद्या सांगते," ती म्हणाली. आणि ते उद्या पुढे पुढे सरकत राहिलं.

घरी तिची वेगळी शाळा होती. हिवाळ्यात आप्पांना, तिच्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. गेली म्हणजे अगदी गेली नाही, ती विस्कटली. आप्पांना समोरची वस्तू ओळखू यायची, तिचं काय करायचं तेही कळायचं, पण नाव म्हणून तोंडातून यायचं ते 'उशी'. चमचा हवा असला तरी उशी, खिडकी लावायची असली तरी उशी, जावयाला हाक मारायची तरी उशी. त्याशिवाय 'छे' आणि 'बरं बरं' एवढं शाबूत राहिलं होतं. सुरुवातीला चिंगीचा नवरा, ज्याचं पडद्यांचं दुकान होतं, मोठ्या भक्तिभावाने त्यांना उशी आणून द्यायचा. तिसऱ्यांदा आणली तेव्हा आप्पांनी ती डाव्या हाताने त्याच्याच अंगावर फेकली.

"हात सुधारतोय हां," नवरा उशी उचलत म्हणाला. माणूस असा होता म्हणून निभावत होतं.

बोलायला शिकवणारी एक ताई आठवड्याला यायची. चित्रांचे पत्ते दाखवायची आणि नावं म्हणवून घ्यायची. ती नसेल तेव्हा चिंगीने सराव घ्यायचा, असं ठरलं होतं. चिंगीला ते काम आवडलं, कारण ते तिचंच काम होतं. ती पत्ता पुढे करायची. "आप्पा, हा काय आहे? घ. घो. घोडा." आप्पा घोड्याकडे बघायचे, मग लेकीकडे बघायचे आणि तोंड फिरवायचे. एकदा त्यांनी सगळे पत्ते टेबलावरून खाली लोटले आणि संध्याकाळभर भिंतीकडे तोंड करून बसले. चिंगी पत्ते गोळा करताना रडली. तिला वाटलं, मी एवढा जीव काढते आणि यांना त्याचं काही नाही.

खरं सांगायचं तर बाप-लेकीची ओळख बेताचीच होती. आप्पा मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. वर्षातून दीड-दोन महिने घरी. ते आले की चिंगी आईच्या मागे लपायची, मग हळूहळू पुढे यायची, त्यांच्या पेटीतल्या वस्तूंना हात लावायची, आणि एकदाची त्यांच्या मांडीवर बसायला लागली की त्यांची निघायची तारीख यायची. पुढे मोठेपणी "जेवलात का" आणि "औषध घेतलंत का" यापलीकडे बोलणं गेलं नाही. आई होती तोवर ती दुभाषी होती. आई गेली आणि दोघं एकमेकांसमोर अवघडून बसू लागले. शब्द होते तेव्हा बोलले नाहीत, आणि आता बोलावंसं वाटतंय तर शब्द नाहीत, असं चिंगी एकदा नवऱ्याला म्हणाली होती.

तर एक दिवस शाळेतून आल्यावर ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती. एकीकडे आप्पांच्या पायजम्यात नवीन इलॅस्टिक ओवत होती आणि समोर विजेचं पुस्तक उघडं होतं. आप्पा पलीकडच्या खुर्चीत होते. शंकासुर दुपारी शिक्षकांच्या खोलीतही येऊन गेली होती. काही बोलली नव्हती, नुसती बघून गेली होती, आणि ते जास्त लागलं होतं. चिंगी चिडून स्वतःशीच वाचत होती. "अनुनादाच्या स्थितीत दोन्हींचे विरोध परस्परांना छेदतात. छेदतात म्हणजे काय? काय सुऱ्या घेऊन उभे आहेत?"

"छे," आप्पा म्हणाले.

तिने वर पाहिलं. आप्पा पुस्तकाकडे बघत होते. त्यांनी डावा हात लांब करून पुस्तक ओढून घेतलं, आकृती पाहिली, आकृतीतल्या कॉइलवर बोट ठेवलं, मग कपॅसिटरवर ठेवलं. चेहऱ्यावर असं काही आलं, जे झटक्यानंतर तिने पाहिलंच नव्हतं. ओळखीचं माणूस रस्त्यात भेटावं तसं.

"हे तुम्हाला येतं," ती म्हणाली. आणि म्हणताक्षणी स्वतःचीच लाज वाटली. ज्या माणसाने उभा जन्म रेडिओच्या खोलीत काढला, त्याला ती महिनोन्‌महिने घोडा आणि चमचा शिकवत होती.

"मला सांगा ना. दोघं अडवतात, मग मिळून कमी कसं अडवतात?"

आप्पांनी तोंड उघडलं. "उशी," ते म्हणाले, आणि मान हलवून थांबले. मग त्यांनी पायजम्याकडे पाहिलं, इलॅस्टिकला लावलेली पिन धरली, आणि तिने अर्धा तास खपून ओवलेलं इलॅस्टिक सर्रकन ओढून बाहेर काढलं.

"आप्पा, अहो."

"छे, छे." त्यांनी दाराकडे बोट केलं. दाराला नव्हे, दाराच्या कडीला लटकणाऱ्या मोठ्या कुलपाकडे. तिने कुलूप आणून दिलं. इलॅस्टिक कुलपाच्या कानात, वरच्या वाकड्या दांडीत, अडकवायला एक हात पुरेना, तेव्हा ते तिने अडकवलं. दुसरं टोक तिच्या हातात देऊन आप्पांनी तिचा हात वर केला. कुलूप हवेत लोंबकळू लागलं.

मग त्यांनी तिच्या मोकळ्या हाताचं एक बोट कुलपाच्या कानात घातलं आणि सावकाश खाली ओढायला लावलं. इलॅस्टिक ताणलं. बोटाला मागे खेचू लागलं. आप्पांनी भुवया उंचावल्या. वर्गात ती स्वतः मुलांकडे बघायची, तसं.

"इलॅस्टिक अडवतंय," ती म्हणाली.

"बरं बरं." त्यांनी पुस्तकातल्या कपॅसिटरवर टिचकी मारली. मग तिचा हात धरून बोट भराभरा वर-खाली, वर-खाली करायला लावलं. कुलूप जागचं हलेना. बोट दुखलं.

"आता कुलूप अडवतंय. त्याचा जडपणा. त्याला पटकन वळताच येत नाही."

आप्पांनी कॉइलवर टिचकी मारली. मग तिचं बोट काढून घेतलं, कुलूप थोडं खाली ओढून सोडून दिलं, आणि ते आपल्या चालीने वर-खाली व्हायला लागलं. त्यांनी ती चाल मान हलवून दाखवली. हं, हं, हं. मग तिचं बोट परत आणलं. कुलूप खाली यायला लागलं की अगदी हलकं दाबायचं, एवढंच. माशी उडवावी इतकं हलकं. दोन-चार खेपांतच कुलूप असं काही उसळायला लागलं की तिला हनुवटी मागे घ्यावी लागली. आणि बोटाला काही म्हणजे काही जाणवत नव्हतं.

ती बघत राहिली. कुलूप सगळ्यांत खाली जायचं तेव्हा इलॅस्टिक त्याला वर खेचत असायचं आणि कुलूप मात्र अजून खाली जायला बघत असायचं. वर गेलं की याच्या उलट. क्षणोक्षणी दोघांची तोंडं विरुद्ध दिशेला.

"म्हणजे अडवणं बंद होत नाही," ती सावकाश म्हणाली. "दोघं अडवतातच. पण एकाचं ओढणं दुसऱ्यावर खर्ची पडतं. ते आपसात देवाणघेवाण करतात, त्यांना माझ्या बोटाशी भांडायला सवड कुठे आहे? बोटाने फक्त वाऱ्यात आणि इलॅस्टिकच्या घासण्यात जे जातं तेवढं भरून द्यायचं."

आप्पांनी टेबलावर थाप मारली. "उशी," ते म्हणाले. या वेळी त्या शब्दाचा अर्थ अगदी स्पष्ट होता.

नवरा दुकानातून आला तेव्हा बायको आणि सासरे टेबलाशी बसून कुलूप नाचवत होते आणि पायजमा जमिनीवर पडला होता. भात त्यानेच लावला.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी तिला माळ्यावरची त्यांची पत्र्याची पेटी काढायला लावली. त्यात तारेची रिळं होती, कानात घालायचं एक जुनं यंत्र, म्हणजे इअरफोन, होतं, आणि पंख्याच्या पात्यांसारख्या पत्र्यांची एक वस्तू होती. बटण फिरवलं की एका बाजूचे पत्रे दुसऱ्या बाजूच्या पत्र्यांमध्ये शिरायचे, न चिकटता. आप्पांनी पुस्तकातल्या कपॅसिटरवर बोट ठेवलं. चिंगी म्हणाली, "हा बदलता येणारा. म्हणजे इलॅस्टिक कमी-जास्त ताठ करायचं बटण." आप्पांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं झालं.

रेडिओ बनवायचा तर बाकी सामान पेटीत होतं, कॉइल मात्र बनवावी लागली. पडद्याचं कापड ज्या पुठ्ठ्याच्या नळीला गुंडाळून येतं, तसली एक नळी नवऱ्याने दुकानातून आणली. नळी फिरवायला दोन हात लागतात आणि तार ताणून धरायला एक. आप्पांचा एक आणि चिंगीचे दोन, हिशेब जमला. ती नळी फिरवायची, ते तार अंगठ्याखालून सोडायचे, वेढ्याला वेढा चिकटून बसायचा. ठरावीक वेढ्यांनंतर ते खूण करायचे, ती तारेचा छोटा फास बाहेर काढायची, की पुढे गुंडाळायचं. निम्मी नळी भरली आणि दारावरची घंटा वाजली. चिंगी सवयीने उठली. सगळी तार सुर्रकन उलगडून स्वयंपाकघरभर पसरली.

"उशी," आप्पा म्हणाले. जहाजावरची माणसं अशा वेळी कुठली शिवी हासडत असतील याचा तिला त्या सुरावरून बरोबर अंदाज आला, आणि ती इतकी हसली की दारात उभा असलेला गॅसवाला घाबरला. आप्पाही हसले. तोंड एका बाजूला वाकडं झालं, पण हसले.

दुसऱ्यांदा गुंडाळताना दोघांनी दार आतून लावून घेतलं.

रविवारी रेडिओचा सेट तयार झाला. त्याला ना बॅटरी, ना प्लग. एक लांब तार गच्चीच्या कठड्याला, एक तार न्हाणीघरातल्या लोखंडी नळाला, मध्ये कॉइल, कपॅसिटर, विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा एक वाटाण्याएवढा डायोड आणि ते कानातलं यंत्र. चिंगीने वरची तार कॉइलच्या वरच्या टोकाला चिमट्याने अडकवली आणि यंत्र कानात घातलं. आधी खरखर. मग बटण फिरवता फिरवता एक बाई गायला लागली. भिंतीतली वीज नाही, बॅटरी नाही, आणि एक बाई गातेय. चिंगीच्या अंगावर काटा आला. पण गाण्याच्या मागे एक पुरुष एकसुरी आवाजात हवामान सांगत होता. बटण पुढे नेलं तरी तो हटेना, मागे नेलं तरी बाई हटेना.

"दोन स्टेशनं एकदम लागतायत," ती म्हणाली. "पण लागली आप्पा, लागली."

आप्पांनी यंत्र स्वतःच्या कानात घातलं. "छे."

"चालेल की. ऐकू तर येतंय."

"छे." त्यांनी तिला तेच कुलूप परत टांगायला लावलं. कुलूप उसळायला लागल्यावर त्यांनी त्याला तळहाताने हलकंच धरलं. धरलं म्हणजे गच्च नाही, हात लावून ठेवला. कुलपाची चाल मेली. आता कसंही ढकला, हळू किंवा पटपट, ते जेमतेम थोडं हलायचं, कुठल्याही चालीला सारखंच हलायचं. मग त्यांनी बोट वरच्या तारेकडे केलं, गच्चीकडे जाणाऱ्या.

"ती तार असा हात लावून बसलीय?" चिंगी म्हणाली. "म्हणून याला आपली चाल राहत नाही, आणि जो येईल त्याला हा हो म्हणतो?"

आप्पांनी चिमटा काढला आणि कॉइलच्या बऱ्याच खालच्या फासाला लावला. आता गच्चीवरच्या तारेच्या वाट्याला थोडेच वेढे आले, तिचा हात हलका झाला. चिंगीने ऐकलं. आवाज एकदम लहान झाला, पलीकडच्या घरातून यावा इतका. तिने बटण केसभर फिरवलं. हवामानवाला विरला. बाई एकटी गात होती. अगदी बारीक, पण एकेक शब्द सुटा.

ती कितीतरी वेळ तशीच बसली. मग तिने यंत्र त्यांच्या कानात घातलं, आणि त्यांनी डोळे मिटले.

"वर्गात या ना तुम्ही," ती म्हणाली. "मुलांना दाखवायला."

डोळे उघडले. "छे." आणि या 'छे'ला पुढेमागे काही नव्हतं. झटक्यापासून आप्पा कुणा परक्यासमोर तोंड उघडत नव्हते. शेजारी आले तर झोपेचं सोंग घ्यायचे. चिंगीने पुन्हा विचारलं नाही. पूर्वीची चिंगी असती तर दहा वेळा विचारलं असतं.

सोमवारी तिने कुलूप आणि इलॅस्टिक वर्गात नेलं. शंकासुराच्या बोटानेच सगळं करवून घेतलं. मुलगी बराच वेळ कुलूप नाचवत राहिली, मग म्हणाली, "दारं बंद नाहीतच बाई. ती झुलती दारं आहेत." चिंगीला वाटलं, बारा वर्षं रूपक अलंकार शिकवला त्याचं सार्थक झालं. मग तिने थाटात सेट बाहेर काढला. एक तार खिडकीतून झाडावर टाकली, दुसरी व्हरांड्यातल्या हात धुवायच्या नळाला बांधली, यंत्र कानात घातलं, आणि सेट मुका. खरखरसुद्धा नाही. चिमटा वर केला, खाली केला, बटण इकडून तिकडे फिरवलं. मागच्या बाकावरून कुणीतरी खुसुखुसू हसलं.

सोमवारी दुकान बंद, नवरा घरीच होता; तिने त्याला फोन लावला. "आप्पांना विचार, घरी चालणारा सेट शाळेत का चालत नाही."

फोनवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग नवरा म्हणाला, "मी विचारलं. ते उठून न्हाणीघरात गेलेत."

"म्हणजे?"

"दाढी करतायत."

दुकानाच्या गाडीतून, पडद्यांच्या गठ्ठ्यांच्या शेजारी बसून आप्पा शाळेत आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डाव्या हाताने केलेल्या दाढीचे गालावर दोन ओरखडे, जावयाच्या खांद्यावर हात. व्हरांड्यातूनच त्यांनी नळाला बांधलेली तार पाहिली, थांबले, आणि बोटांच्या पेरांनी पाइपावर टकटक केलं. आवाज पोकळ आला. प्लास्टिकचा पाइप. विजेला जमिनीपर्यंत जायला त्यातून वाट कुठली? चिंगीने कपाळावर हात मारला.

आप्पांनी व्हरांड्याच्या लोखंडी खांबाकडे बोट केलं, आणि सवयीने शब्द निसटला. "उशी."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. आप्पांचा चेहरा उतरला. चिंगी पुढे झाली, काहीतरी सांगून सावरून घ्यायला, पण त्याआधी शंकासुर उठून खिडकीशी आली होती.

"आजोबा, उशी म्हणजे तार खांबाला लावायची, का खांब खरवडायचा?"

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मुलगी थट्टा करत नव्हती. तिला माहिती हवी होती. त्यांनी नखाने खांबावरचा रंग खरवडून दाखवला.

"रंगाखालचं लोखंड," मुलगी म्हणाली आणि खिशातलं कर्कटक घेऊन, बाहेर येऊन कामाला लागली.

सेट बोलायला लागला. मुलांनी रांग लावून ऐकलं. तास संपला, मधली सुट्टी झाली, तरी आप्पा खुर्चीत बसून होते आणि भोवती गराडा होता. एकाने विचारलं, तार जास्त गुंडाळली तर काय होईल? आप्पांनी कुलपाला दुसरं कुलूप अडकवलं, चाल संथ झाली. दुसऱ्याने विचारलं, आणि पत्रे बाहेर काढले तर? आप्पांनी इलॅस्टिक दुहेरी केलं, चाल घाईची झाली. बोलताना ते 'उशी' म्हणत राहिले आणि मुलं "वेटोळ्याची उशी का पत्र्याची?" असं विचारत राहिली. शब्द एकच होता, पण कुणाचं काही अडलं नाही. मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी शिपायाला चहा आणायला सांगितलं, तेव्हा चिंगी नवऱ्याच्या कानात म्हणाली, "आता आप्पांच्या गळ्यात काहीतरी पडणार."

पडलंच. सरांचा पाय बरा झाला, चिंगी आपल्या समासांकडे आणि अलंकारांकडे परतली, पण आप्पा दर बुधवारी पडद्यांच्या गाडीतून शाळेत जात राहिले. सर स्वतः त्यांना हात देऊन उतरवून घ्यायचे आणि शेजारी बसून बघायचे. चित्रांचे पत्ते अधूनमधून निघत. काही शब्द परत आले, काही आले नाहीत, 'उशी' कायमची मुक्कामाला राहिली. घरी मात्र बाप-लेकीला रोज काहीतरी करायला लागायचं. नवऱ्याच्या दुकानासाठी एक सेट झाला, गॅसवाल्याने मागितला म्हणून त्याला एक झाला.

शंकासुरासाठी कॉइल गुंडाळायची होती, त्या दिवशीची गोष्ट. चिंगी नळी फिरवत होती आणि शाळेतलं काहीबाही सांगत होती. सांगण्याच्या भरात हात जोरात फिरायला लागले आणि तार आप्पांच्या अंगठ्याला काचायला लागली.

"हळू," आप्पा म्हणाले.

स्वच्छ, साधा, त्या जागी हवा तोच शब्द. पत्त्यांवर तो कधीच नव्हता, आणि कुणी शिकवलाही नव्हता. आप्पांच्या ते लक्षातही आलं नाही, त्यांची नजर तारेवर होती. चिंगीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने हात हळू केले.